भात-वाल सेंद्रिय करायचं तर आधी शेणाचा हिशेब मांडा

तुमचा प्रश्न असा आहे की गुहागरकडे अडीच एकर खाचरं आहेत, पावसाळ्यात भात, मग अंगओलाव्यावर, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलीवर, थोडा वाल नि कुळीथ, वडील आजवर युरिया आणि मिश्रखत टाकत आलेत, आणि तुम्हाला येत्या मिरगापासून सगळंच सेंद्रिय करायचंय. तर उत्पन्न किती घटेल, आणि पर्यावरणाला खरंच काही फरक पडतो का की उगाच बोलायच्या गोष्टी.

मी दापोली तालुक्यात गेली बावीस वर्षं हेच पीक घेतोय, काही खाचरं पूर्ण सेंद्रिय, काहींना खत देतो, आणि दोन्हींचं वजन दरवर्षी वेगळं करतो. म्हणून जे सांगतोय ते थोडं ऐकीव आणि बरंचसं तराजूवरचं आहे.

आधी सरळ उत्तर. भाताला पहिली दोन-तीन वर्षं मोठी घट येणार, पाचवा हिस्सा तरी कमी धरूनच चाला, शेणखत कमी पडलं तर त्याहून जास्त. वालाला आणि कुळथाला फारसा फरक पडत नाही कारण ती पिकं स्वतःचं नत्र (नायट्रोजन) स्वतः बनवतात. माझ्याकडे खत दिलेल्या खाचरात गुंठ्याला ४० किलोच्या आसपास भात येतो, सेंद्रियात पहिल्या दोन वर्षी तो २८-३० वर आला होता, आता चांगल्या वर्षी ३४-३५ पर्यंत जातो. ४० ला कधी पोचला नाही, ते मी लपवणार नाही. वाल मात्र दोन्हीकडे सातआठ किलो, कधी सेंद्रियात किलोभर जास्तच.

हे माझ्या एकट्याचं नाही. स्वित्झर्लंडमध्ये थेरविल गावाला १९७८ पासून एकाच शेतात सेंद्रिय आणि रासायनिक फेरपालट (आलटून पालटून पिकं) शेजारी शेजारी चालू आहे, त्यांच्या २१ वर्षांच्या आकड्यांत सेंद्रियाचं उत्पादन सरासरी २० टक्के कमी निघालं, पण खत आणि ऊर्जा एक तृतीयांश ते निम्म्याने कमी लागली आणि कीटकनाशकं तर ९७ टक्के कमी. आपल्या देशात मध्य प्रदेशात खरगोनला २००७ पासून कापूस-सोयाबीन-गहू असा प्रयोग आहे, तिथे सुरुवातीच्या फेऱ्यात कापूस आणि गहू पाव हिश्शाहून जास्त घटले, सोयाबीनला मात्र फारसा धक्का बसला नाही. म्हणजे तेच, शेंगवर्गीय पीक तग धरतं आणि नत्राला भुकेलं पीक पडतं. आणि आपल्या रायगडातल्या कर्जतच्या संशोधन केंद्रातही सेंद्रिय शेतीच्या देशभरच्या प्रकल्पात भात-भुईमूग, भात-मका, भात-मोहरी, भात-वाल असे क्रम तपासलेत, तेव्हा कोकणात कोणी बघितलंच नाही असं समजू नका, दापोलीच्या कृषी विद्यापीठात जाऊन विचारा, सांगतात.

आता एक गोष्ट जिथे बहुतेक लोकांचा हिशेब चुकतो. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ११५ अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात सेंद्रियाची घट साधारण १९ टक्के आली, पण सेंद्रिय शेतात फेरपालट आणि समोरच्या रासायनिक शेतात एकच पीक अशी तुलना केली की घट ८-९ टक्क्यांवर येते. हा आकडा लोक फार आनंदाने सांगतात. पण नीट बघा, तिथे फेरपालट एकाच बाजूला आहे. तो फायदा फेरपालटीचा आहे, सेंद्रियाचा नव्हे! तुमचे वडील भातावर वाल घेतात ना, म्हणजे फेरपालट तुमच्याकडे आधीपासूनच आहे, तेव्हा तुमची तुलना भात-वाल विरुद्ध भात-वाल अशीच व्हायला हवी. उलट ज्याची खाचरं भात काढल्यावर जूनपर्यंत मोकळी पडतात, आणि कोकणात बहुतेकांची पडतातच, त्याने खत बंद करण्याआधी दुसरं पीक घ्यावं असं माझं ठाम मत आहे. गुंठ्याला सात किलो वाल, किलोला शंभर रुपये धरले तरी सातशे होतात, आणि सेंद्रियामुळे भात आठ किलो कमी आला तर हमीभावाने दोनशे रुपयेसुद्धा जात नाहीत.

बरं आता शेणाचा हिशेब, उत्तरातला मुख्य भाग हाच.

अडीच एकर म्हणजे एक हेक्टर, १०० गुंठे. सुधारित भाताला शिफारस आहे हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद (फॉस्फरस), ५० पालाश (पोटॅश). चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र असतं अर्धा टक्का. म्हणजे १०० किलो नत्रासाठी २० टन शेणखत लागलं, एका वर्षाला! आता गोठ्यात बघा. आपली कोकण कपिला गाय लहान चणीची, दिवसाला पाचसहा किलो शेण देते, त्यातलं निम्मं दिवसा चरायला गेल्यावर रानात पडतं. दोन गाई असतील तर वर्षाकाठी कुजून हातात येणार एक-दीड टन, फार तर दोन. त्यात नत्र किती, दहा किलोसुद्धा नाही. लागणार शंभर आणि आहे दहा. बाकीचं नव्वद कुठून आणणार, हा प्रश्न सोडवल्याशिवाय जो सेंद्रियाला हात घालतो त्याचं भात तिसऱ्या वर्षी पिवळं पडतं आणि मग तो सेंद्रियालाच शिव्या देतो. थेरविलच्या प्रयोगात सेंद्रिय टिकलं त्याचं एक कारण हेच की त्यांच्या सात वर्षांच्या फेऱ्यात दोन-तीन वर्षं नुसतं गवत आणि क्लोव्हर (शेंगवर्गीय चारा) असतं, ते गुरं खातात आणि शेण परत शेतात येतं. आपण अडीच एकरात दोन वर्षं गवत घेऊ शकत नाही, घरात तांदूळ लागतो.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र-गुळाचं आंबवलेलं पाणी, करा म्हणून कोणीतरी सांगितलंच असेल तुम्हाला. मी पण करतो, वालावर आणि परसातल्या भाजीवर. पण त्यात एकराला दहा किलो शेण असतं, त्या दहा किलोत नत्र जेमतेम पन्नास ग्रॅम. त्याने माती जागी होते म्हणा हवं तर, पण पिकाचं पोट त्यावर भरत नाही. तसंच बाटलीतल्या टॉनिकांचं. मी एका वर्षी एका कंपनीचं सेंद्रिय म्हणून विकलेलं औषध चार हजारांचं आणलं, लेबलवर काय आहे ते धड लिहिलेलं नव्हतं तरी आणलं, आणि ज्या खाचरात घातलं आणि ज्यात नाही घातलं त्यांत दाण्याचाही फरक नव्हता. तेव्हापासून बाहेरचं काही घ्यायचं तर फक्त पेंड आणि रॉक फॉस्फेट.

रॉक फॉस्फेटचं सांगतो कारण ते आपल्या मातीला लागू आहे. आपली जांभ्याची माती आंबट, लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, स्फुरद टाकलं की ही माती ते धरून ठेवते आणि पिकाला देत नाही. सेंद्रिय कर्ब (मातीतला कार्बन) आपल्याकडे घाटावरच्या मानाने बरा असतो, नड स्फुरदाची आहे. रॉक फॉस्फेट विम्लधर्मी काळ्या मातीत तसंच पडून राहतं पण आंबट मातीत हळूहळू विरघळतं, म्हणून ते कोकणात चालतं आणि सेंद्रिय प्रमाणीकरणातही मान्य आहे. शेणाच्या खड्ड्यात थर देऊन कुजवलं की अजून चांगलं. मी तसंच करतो.

राहिलं नत्र. त्याला आपल्याकडे सगळ्यात मोठा आधार बांधावरच्या गिरिपुष्पाचा, काही गावांत त्याला उंदीरमारी म्हणतात, जानेवारी-फेब्रुवारीत पानं झडून फिक्या गुलाबी फुलांनी भरतं ते. जून अखेरीला त्याला गच्च पाला असतो, नेमका लावणीच्या वेळी. फांद्या तोडून चिखलणीच्या आठवडाभर आधी खाचरात पसरायच्या, पाला आपोआप गळतो, काटक्या उचलून सरपणाला न्यायच्या आणि मग चिखलणी. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातशेतीत गुंठ्याला ३० किलो पाला सांगितलाय, म्हणजे हेक्टरला ३ टन, आणि एक टन ओल्या पाल्यातून साधारण ५ ते ७ किलो नत्र मिळतं. म्हणजे १५-२० किलो झालं. एक मोठं झाड एका छाटणीला सहा किलोच्या आसपास पाला देतं असं धरा, तर पाचशे झाडं लागतील. ऐकायला खूप वाटतं पण खाचरांना बांध किती असतात ते मोजा, मीटरभर अंतराने लावली तर आरामात बसतात. माझी पहिली चाळीस झाडं गडग्याच्या कडेला लावली होती, आज साडेतीनशे आहेत.

हिरवळीच्या खतासाठी ताग-धैंचा पेरून गाडा असं पुस्तकात असतं, पण आपल्याकडे मे महिन्यात पाणी नसेल तर तो पेरायचा कधी, पाऊस लागला की तरव्याची (भाताच्या रोपांची) घाई आणि महिन्याभरात लावणी. ज्याच्याकडे विहीर आहे त्याने करावा.

म्हणजे शेण दहा, पाला वीस, वालाचा पाला नि मुळं शेतात ठेवली तर त्याचं थोडं, आणि भाताचा पेंढा गुरांनी खाऊन परत आलेला, तो शेणात मोजलाच आहे. सगळं मिळून चाळीसला पण पोचत नाही. म्हणून मी म्हणतो शंभर गुंठे एकदम सेंद्रिय करू नका. आपलं शेण आणि आपल्या बांधावरचा पाला जेवढ्या गुंठ्यांना पुरेल तेवढंच पूर्ण सेंद्रिय करा, बाकीच्यात खत ठेवा पण निम्मं करा. श्रीलंकेने २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खत बंद केलं, सात महिन्यांत माघार घ्यावी लागली आणि तांदूळ आयात करायची वेळ आली. अख्ख्या देशाला जे झेपलं नाही ते आपल्या घरावर का आणायचं.

निम्मं खत कसं, तर युरिया-डीएपीच्या गोळ्या, २.७ ग्रॅमची एक गोळी, लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधे बोटाने सातआठ सेंटिमीटर खोल दाबायची. हेक्टरी नत्र बसतं ५६-५८ किलो. यात माणसं जास्त लागतात, बायकांची बोटं दुखतात, खरं आहे, आणि ओळीत लावणी करावी लागते. पण इथेच पर्यावरणाचा मुद्दा येतो म्हणून लक्ष द्या.

जुलैमध्ये खाचर भरलेलं असताना युरिया फोकून टाकला तर काय होतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. सकाळी टाकला, दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला, बांधावरून पाणी वाहायला लागलं, खालच्या खाचरात, तिथून पऱ्यात (ओढ्यात), पऱ्यातून खाडीला. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आपल्याकडे, त्यात वर टाकलेलं नत्र टिकतं किती! काही हवेत अमोनिया होऊन जातं, काही वाहून जातं, उरलेलं भाताला. खोल दाबलेली गोळी चिखलात राहते. त्या पऱ्यात मी लहानपणी चढणीचे मासे धरायचो, पहिल्या पावसाला खालून वर येणारे, माझ्या पोरांनी ते क्वचित बघितलेत. ते फक्त खतामुळे झालं असं मी म्हणणार नाही, बंधारे आहेत, औषधं आहेत, पण आपल्या शेतातून जे खाली जातं त्याची जबाबदारी आपलीच आहे असं मला मनापासून वाटतं.

आता सेंद्रियाची दुसरी बाजूही ऐका. पाला चिखलात तुडवल्यावर चारपाच दिवसांनी त्या खाचरात पाय टाका, घोट्याभोवती बुडबुडे येतात, भरपूर येतात, काळपट चिखल आणि एक कुबट वास. त्या बुडबुड्यांत मिथेन असतो. पाण्याखाली हवा नसताना ओला पाला कुजला की तो तयार होतो, आणि तापमानवाढीत तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट भारी आहे. म्हणजे नुसता ओला पाला आणि कच्चं शेण भरत गेलात तर सेंद्रिय खाचर या एका बाबतीत रासायनिकापेक्षा वाईट असू शकतं. उपाय हाच की शेण पूर्ण कुजवून घाला, कुजलेल्या खतातून मिथेन बराच कमी निघतो, आणि पाला शिफारशीएवढाच, जास्त नाही. पाणी मधे मधे तोडलं की मिथेन कमी होतो असं सांगतात, बरोबर आहे, पण आपल्याकडे जुलैत पाणी तोडणार कसं, वरून कोसळतंय. सप्टेंबरात फुटव्यानंतर वरच्या खाचरांना जमतं तेवढं करावं.

युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड त्याहून भारी, २७३ पट, पण तो माती ओली-सुकी होताना जास्त निघतो. एकरामागे मोजलं तर सेंद्रियात तो कमी असतो, आणि किलोमागे मोजलं तर उत्पादन कमी असल्याने तो फायदा पुसट होतो, कधी उलटाही पडतो. भात २० टक्के कमी आलं तर तेवढ्याच तांदळाला २५ टक्के जास्त जमीन लागते, हे गणित चुकवता येत नाही. फक्त आपल्याकडे एक आहे, कोकणात बरीच जमीन पडीकच आहे, पोरं मुंबईला, त्यामुळे जास्त जमीन म्हणजे लगेच जंगलतोड असं इथे होत नाही.

मात्र एका ठिकाणी होतं, आणि ते जुन्या पद्धतीत होतं. राब. आमचे आजोबा कसलंही खत वापरत नव्हते, पूर्ण सेंद्रिय म्हणा, पण तरव्यासाठी दरवर्षी डोंगरावरच्या ऐन-किंजळीचे टाळे तोडून, पालापाचोळा, शेणी पसरून उन्हाळ्यात जाळायचे. भाताचं पोषण डोंगराने दिलं आणि डोंगर बोडके झाले. जुनं ते सगळं चांगलं असं नाही. तरव्याला गादीवाफे, कुजलेलं शेणखत आणि भाताच्या तुसाची राख पुरते, मी राब भाजणं पंधरा वर्षांपूर्वी बंद केलं आणि रोपं काही वाईट येत नाहीत, तण थोडं जास्त काढावं लागतं इतकंच.

कीटकनाशकांचं थोडक्यात. भाताला आपल्याकडे मुळात फवारण्या कमी, आंब्यासारखं नाही, त्यामुळे इथे सेंद्रियाचा फायदा तेवढा मोठा दिसत नाही. खोडकिड्याला लावणीआधी रोपांचे शेंडे खुडणं, ट्रायकोकार्ड (मित्रकीटक सोडायची कार्डं), कामगंध सापळे यावर माझं निभावतं. निळ्या भुंगेऱ्याच्या वर्षी मार बसतो, तो सोसायचा. वालावरच्या मावा आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीला निंबोळी अर्क वेळेवर मारला तर पुरतो, उशीर झाला तर नाही.

आणखी एक वाट आहे ती बघून या, नेरळला चंद्रशेखर भडसावळेंचं सगुणा राईस तंत्र, गादीवाफ्यावर टोकणी, चिखलणी नाही, लावणी नाही, भात कापल्यावर मुळं तशीच ठेवून त्याच वाफ्यावर वाल. माती हलवत नाहीत म्हणून कर्ब टिकतो, गांडुळं वाढतात, चिखल नसल्याने मिथेनही कमी. पण त्यात तणनाशक वापरतात, म्हणजे ते काटेकोर सेंद्रियात बसत नाही. माझ्या मते मातीसाठी ते बऱ्याच सेंद्रिय म्हणवणाऱ्या शेतांपेक्षा चांगलं आहे. मी वीस गुंठ्यांत करतो.

वालाबद्दल थोडं जास्त बोलायचंय. डिसेंबरात एक झाड खोऱ्याने मातीसकट उचला, ओढू नका, गाठी तुटतात. मुळं पाण्यात हलकेच धुवा. मुगाएवढ्या गाठी दिसतील, नखाने एक चिरा, आतून गुलाबी-लालसर असेल तर ती काम करतेय, हवेतलं नत्र बांधतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर उपयोग नाही. माझ्या ज्या खाचरात भाताला भरपूर युरिया जायचा तिथे गाठी मोजक्याच सापडायच्या, पिकाला आयतं मिळालं की ते कष्ट करत नाही. पेरताना बियाण्याला रायझोबियम (गाठी करणारं जिवाणूखत) चोळा आणि शेंगा तोडल्यावर झाड उपटून बांधावर टाकू नका, कापा, मुळं आत राहू दे, पाला तिथेच पसरा. सगळं झाड उपटून नेलंत तर वालाने कमावलेलं बहुतेक नत्र दाण्यांबरोबर आणि पाल्याबरोबर शेताबाहेर जातं, मग फेरपालट नावालाच.

आणि गुरं. दिवाळी झाली, भात घरात आलं की आपल्या गावांत गुरं मोकळी सोडतात, एकट्याचा वाल हिरवा दिसला की सगळा गोठा तिथे. त्यात माकडं, डुक्कर. माझा दुसऱ्या वर्षीचा अख्खा सेंद्रिय वाल एका रात्रीत गेला होता, सकाळी गेलो तर नुसते खुंट. मी वाडीतल्या सातजणांना सांगून सांगून एका पट्ट्यात सगळ्यांनी वाल घ्यायचा असं ठरवलं, तेव्हा कुठे राखण परवडायला लागली. हे काम खतापेक्षा कठीण आहे, यंदा गणपतीला चाकरमानी आले की तेव्हाच विषय काढा.

प्रमाणीकरण हवं असेल तर हंगामी पिकांना दोन वर्षं रूपांतराची धरतात, त्या काळात घट तुमची आणि भाव साधाच. म्हणून त्या दोन वर्षांत पोट दुसऱ्या खाचरांवर चालायला हवं.

यंदा एवढंच करा. पाऊस लागला की गिरिपुष्पाच्या अंगठ्यापेक्षा जाड, हातभर फांद्या बांधावर खोचा, पहिली छाटणी दुसऱ्या वर्षानंतर. घराजवळची दहा-पंधरा गुंठे खाचरं सेंद्रियाला निवडा, वरची निवडा, म्हणजे दुसऱ्याचं खताचं पाणी त्यात उतरणार नाही. गोठ्यातलं सगळं शेण तिथेच. बाकीच्यात गोळ्या. आणि दोन्हींचं भात वेगळं झोडून वेगळं तोला, वालसुद्धा, वहीत लिहा.

तुमच्याकडे गुरं किती आहेत ते तुम्ही सांगितलं नाहीत, आणि बांधांची लांबी पण. ती दोन माहिती द्या, मग नक्की किती गुंठे झेपतील ते आकडेमोड करून सांगतो.